हौदाची किल्ली

आष्टी,
१४ डिसेंबर १९८६

चि. बद्रीनाथ यास सत्यभामाअक्काचे आशीर्वाद.

तुझे दिवाळीचे पत्र मिळाले. ते दसऱ्याच्या पत्रासारखेच होते, तारीख तेवढी नवी. म्हणून उत्तर दिले नाही. आज लिहिते आहे ते कामासाठी.

ऊस तोडायला जाणाऱ्यांची मुले मागे राहावीत, त्यांची शाळा बुडू नये, म्हणून आमच्या सोसायटीने इथे वसतिगृह काढले आहे, हे तुला ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते माझ्याकडे आहे. यंदा साठ मुले. पावसाने तिसऱ्या वर्षीही तोंड फिरवले. टँकर चौथ्या दिवशी येतो, तोही आला तर. हौदाला मी कुलूप घातले आहे आणि किल्ली माझ्या कमरेला असते. आंघोळ आठवड्यातून एकदा. सहा मुलांत एक बादली, सहांत एक पंचा. मागच्या महिन्यात तहसीलदार येऊन गेले. म्हणाले, बाई, तुमच्याइतके काटेकोर पाणी तालुक्यात कुणी वापरत नाही.

आता मुद्दा. गेल्या दहा दिवसांत पाच मुलांची तोंडे सुजली. सकाळी डोळे उघडत नाहीत, संध्याकाळी थोडे ओसरते. लघवी कोऱ्या चहासारखी. छबू म्हणून नऊ वर्षांची मुलगी आहे, तिचे तर पायही सुजले आहेत. इथल्या डॉक्टरांनी दोन वेळा इंजेक्शने दिली, उतार नाही. ते म्हणतात, खाण्यातून काही झाले असेल.

खाण्यातून म्हटले की बोट जाते सरूबाईकडे. ती आमची स्वयंपाकीण, वडवणीची. बौद्ध आहे. तिला मी ठेवले तेव्हा चार पालक मुले न्यायला आले होते. मी म्हणाले, न्या. महिन्याभरात तिघांनी परत आणून सोडली. या वर्षी बाजारात भाजी नाही, म्हणून ती हौदाच्या गळतीवर उगवलेली घोळ खुडून वरणात घालते. आमचे चेअरमन सुंदरराव काल म्हणाले, "बाई, म्या आदीच म्हनलं होतं, तिच्या हातचं..." मी नुसते पाहिले. तेव्हा म्हणाले, "न्हाई, म्हंजी, ती घोळ बगा म्हनलं."

तू एवढी वर्षे पुण्यात रक्त आणि सूज यांवर संशोधन करतो आहेस. घोळीच्या भाजीने अशी सूज येते का? हो की नाही, एका शब्दात लिही.

सत्यभामा


पुणे,
२० डिसेंबर १९८६

ती. अक्का यांस सा. न.

एका शब्दात: नाही. बहुधा.

मुलांना आधी बीडला मोठ्या दवाखान्यात न्या आणि रक्तदाब दाखवा. मी प्रयोगशाळेतला माणूस आहे, तपासणारा डॉक्टर नाही. तोवर मीठ अगदी कमी द्या. तुम्ही लिहिले त्यावरून हे दुखणे मूत्रपिंडाचे वाटते.

आता माझे काम काय ते सांगतो, कारण ते इथे लागू पडते आहे. आपल्या रक्तात वीस-पंचवीस प्रथिने असतात. त्यांना आम्ही पूरक प्रथिने म्हणतो. एरवी ती झोपलेली असतात. जंतू आला की पहिले जागे होते, ते दुसऱ्याला उठवते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटची मिळून जंतूला भोक पाडतात. शरीराची ही राखण आहे. पण कधी कधी जंतूचे तुकडे रक्तातून वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या चाळणीत अडकतात. राखण तिथे धावते. तिथे जंतू नसतो, फक्त चाळणी असते. ती फाटते.

तुम्हाला आठवत असेल, मामांच्या ज्वारीत मी माळ्यावर बसून गोफण फिरवायचो. पाखरे उडाली, पण सुगीला पाहिले तर अर्धी कणसे दगडांनीच मोडली होती. तुम्ही मला त्यासाठी उपाशी ठेवले होते. मी वीस वर्षे तेच शोधतो आहे: गोफण कणसाला का लागते.

मुलांच्या रक्तातली ही प्रथिने खर्ची पडून कमी झाली असतील, तर दुखणे भाजीचे नाही हे पुष्कळसे सिद्ध होईल. रक्त पाठवता येईल का?

आणि एक सहज विचारतो. मुलांच्या अंगाला खाज वगैरे आहे का? पाण्याबद्दल तुम्ही लिहिले ते योग्यच आहे, दुष्काळात दुसरे काय करणार. सहजच विचारले.

आपला
बद्री


आष्टी,
२६ डिसेंबर १९८६

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

'बहुधा' हा शब्द तुला पुण्याने शिकवला. माझ्याकडे होतास तेव्हा येत नव्हता.

दीड पान गोफण! मी विचारले होते सुजेचे. तुला उपाशी ठेवले ते कणसांसाठी नव्हते, खोटे बोललास म्हणून. ढोरे शिरली होती असे सांगितले होतेस.

मुलांना बीडला नेले. चार परत आली, छबूला ठेवून घेतले. रक्तदाब मोठ्या माणसासारखा वाढला होता. तिची आई सांगलीकडे कुठल्या फडात आहे ते मुकादमालाही नीट सांगता येईना. मी दोन दिवस तिच्या उशाशी बसले. पोरगी एकच विचारते, "सरूमावशी कवा येनार?"

सरूबाई येणार नाही. तिला मी घरी बसवले आहे. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर कमिटी बसेल, तिला ठेवायचे की काढायचे ते तेव्हा ठरेल. सुंदररावांच्या बोलण्यावर मी गेले नाही, हे तू लक्षात घे. मी मुलांना स्वतः विचारले. तेव्हा कळले की सूज आल्यापासून बाई त्या पाच जणांना अळणी वाढत होती! मला विचारले नाही, सांगितले नाही. तू म्हणशील, मीठ कमी करायला तूच लिहिलेस. तू शिकलेला माणूस आहेस. ती कोण? आज मीठ काढले, उद्या काय काढेल? मनाने स्वयंपाक करणारी बाई मला चालत नाही. भाजीचे आणि मिठाचे, अशी दोन कारणे मी कागदावर लिहिली आणि तिला वाचून दाखवली. ती पिशवी भरता भरता म्हणाली, "भाजीचं नाव घेतलं ते बरं केलं बाई. भाजीला जात नसती."

मला हा उद्धटपणा आवडला नाही. मी तिच्यासाठी गावाशी भांडले आहे.

आणि खाजेचे काय विचारतोस? दुष्काळात कुणाच्या अंगाला खाज नाही? पोरे पाय खाजवून फोडतात, खपल्या धरतात, पुन्हा फोडतात. पोरेच ती. स्वच्छतेचे तू मला विचारावेस? तुझ्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या होत्या?

रक्त पाठवते. कसे पाठवायचे ते नीट कळव. आणि कमिटीच्या आधी मला निकाल हवा. भाजी असेल तर बाई जाईल, नसेल तर राहील. माझा न्याय सरळ आहे.

सत्यभामा


पुणे,
१ जानेवारी १९८७

ती. अक्का यांस सा. न.

घाईत लिहितो. पाचही मुलांचे रक्त काढवा, शिवाय एका धडधाकट मुलाचेही, तुलनेसाठी. बाटल्या तासभर उभ्या ठेवा, रक्त साकळेल. वरचे पिवळसर पाणी वेगळ्या बाटल्यांत घेऊन बर्फात ठेवा आणि थर्मासमधून सकाळच्या पुणे गाडीच्या कंडक्टरकडे द्या. मी स्टँडवर उभा राहीन.

आमची परीक्षा साधी आहे. मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर ते पाणी घालतो. प्रथिने जागी असली तर पेशी फुटतात आणि नळी लाल होते. नसली तर पेशी तळाशी बसून राहतात.

तुम्ही पायांच्या खपल्यांचे लिहिलेत. त्यावर काही सुचले होते. पण आधी रक्त येऊ दे, मग बोलू.

बद्री


आष्टी,
७ जानेवारी १९८७

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

सोबत थर्मास. बाटल्यांवर नावे माझ्या हातची आहेत, तेव्हा वाचता येतील. सहावी बाटली निरोगी मुलाची.

मेंढीचे रक्त पुण्यात कोण देते तुला? इथे मेंढ्या चाऱ्याविना माना टाकताहेत.

बर्फ मिळाला नाही. बर्फाचा कारखाना पाण्याअभावी महिनाभर बंद आहे. तुझ्यासारखे 'आता काय करावे' म्हणत बसले नाही. आमच्या दूध संकलन केंद्रावर बर्फ नसला की आम्ही दूध तापवूनच लांब पाठवतो. कच्चे नासते, तापवलेले टिकते. तेव्हा बाटल्या बूच लावून चांगल्या कढत पाण्यात अर्धा तास ठेवल्या. उकळू दिल्या नाहीत, तेवढे कळते. हात घालवत नव्हता इतपत. पाणी घट्ट झालेले नाही, मी पाहून पाठवले आहे.

सव्वीस तारीख विसरू नकोस.

सत्यभामा


पुणे,
१२ जानेवारी १९८७

ती. अक्का,

मी तुम्हाला आजवर कधी रागाने लिहिले नाही. आज लिहितो आहे. पत्र फाडायचे असेल तर पूर्ण वाचून फाडा.

सहाही नळ्यांत पेशी तळाशी बसल्या. सहाही! निरोगी मुलाच्यासुद्धा. ही प्रथिने मारायची असली की आम्ही इथे काय करतो, माहीत आहे? कढत पाण्यात अर्धा तास ठेवतो. तुम्ही मुद्दाम ठरवून केले असते तरी इतके अचूक जमले नसते. दूध नाही ते, अक्का! विचारायचे होते! बर्फ नाही तर थांबायचे होते. तुम्ही कधीही कुणालाही विचारत नाही. सगळे आपल्याला कळते असे धरून चालता, मग दुसऱ्याने सांगायचे तरी कसे?

बर्फात का ठेवायचे हे मीही लिहिले नव्हते. ती माझी चूक. पण त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. ती लिहायला मला महिना लागला आहे.

आधी निकाल. ती प्रथिने काम करतात का, हे आता कळणार नाही. पण किती शिल्लक आहेत हे दुसऱ्या पद्धतीने मोजता येते, आणि कढत पाण्याने त्यातले मुख्य प्रथिन नाहीसे होत नाही. ते मोजले. निरोगी मुलाचे ठीक आहे. पाचही आजारी मुलांचे निम्म्याहून कमी. गोफण चालली आहे, अक्का. घोळीच्या भाजीने हे होत नाही. या वेळी 'बहुधा' लिहीत नाही.

मग गोफण कशामुळे फिरली? पायावरच्या फोडांमुळे. खरूज होते, मुले खाजवतात, फोडांत जंतू शिरतो. तीन-चार आठवड्यांनी फोड सुकत आलेले असतात आणि तेव्हा मूत्रपिंड सुजते. म्हणून कुणाला दोन्हींचा संबंध लागत नाही. खरूज एकापासून दुसऱ्याला लागते. एका पंचाने सहा मुले पुसली तर सहांना लागते. आठवड्यातून एकदा सहा जणांत एक बादली असेल तर फोड धुतलेच जात नाहीत.

तुमचे पहिले पत्र वाचले त्याच दिवशी मला हे वाटले होते. मी 'सहज' म्हणून विचारले. तुम्ही उवा काढल्याचे लिहिलेत आणि मी गप्प बसलो. चाळीस वर्षांचा झालो तरी तुमच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यापायी तीन आठवडे गेले, आणि ती बाई घरी बसली आहे.

मीठ काढले ते तिने बरोबर केले. तुमच्या वसतिगृहात योग्य उपचार करणारे एकच माणूस होते. त्यालाच तुम्ही घरी बसवलेत.

आता करायचे ते: साठही मुलांना एकाच दिवशी खरजेचे औषध लावा, सलग तीन दिवस. कपडे, अंथरुणे उकळा. फोड असलेल्या मुलांना डॉक्टरांकडून पेनिसिलिन. प्रत्येकाला आपला पंचा. आणि पाणी, अक्का. पाणी.

बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात. छबूही होईल असे मला वाटते.

बद्री


(पोस्टकार्ड)

आष्टी,
१६ जानेवारी १९८७

बद्रीनाथ,

पत्र मिळाले. राग आला. फाडले नाही.

साठही मुलांना ओट्यावर बसवून पाय पाहिले. एक्केचाळीस जणांना फोड आहेत. रोज सकाळी याच मुलांना रांगेत उभे करून मी नखे पाहते. नखांवरून खाली पायांकडे कधी पाहिले नाही.

औषध आणायला माणूस गेला आहे.

स.


आष्टी,
२९ जानेवारी १९८७

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

आता सगळे सविस्तर. मध्ये प्रश्न विचारण्यासारखे काही ठेवत नाही.

औषध तीन दिवस लावले. पोरे आगीत उभी केल्यासारखी नाचली. पेनिसिलिन झाले. पंचे साठ हवे होते, सोसायटीच्या दुकानात बावीस निघाले. उरलेल्यांसाठी माझी जुनी लुगडी फाडली. पाण्यासाठी सुंदररावांकडे गेले. म्हणाले, "बाई, लोकाला प्यायला न्हाई अन् तुमी आंघुळीचं काढता? कावून? तुमीच तर तहसीलदाराम्होरं..." मी म्हणाले, "दूध केंद्रातले कॅन धुवायला रोज टाकीभर पाणी लागते. कॅनला खरूज होत नाही." दुसऱ्या दिवसापासून एक टँकर जास्त येतो. रोज नाही, पण एक दिवसाआड आंघोळ जमते.

छबू बावीस तारखेला परत आली. सूज गेली, रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी दर महिन्याला दाखवायला सांगितले आहे.

सव्वीस तारखेला कमिटी बसली. मी तुझ्या पत्रातला निकाल वाचला, गोफणीसह. तुला हसले होते, पण त्या लोकांना नेमके तेच कळले. सुंदरराव म्हणाले, "झालं की मग. भाजी बी सुटली, बाई बी सुटली. मिटवा आता. दुसरी सैपाकीन लागली हाय, तिला कशाला हलवायची?" सगळ्यांनी माना डोलवल्या. मला आश्चर्य याचे वाटले की मलाही क्षणभर ते बरे वाटले. कुणाला काही सांगायला नको, वडवणीला जायला नको. दोषी कोण, हे कुणी विचारतच नव्हते. तो प्रश्न बाईकडे बोट होते तोवरच होता.

मग मी उठून म्हणाले की दोष हौदाच्या कुलपाचा आहे आणि किल्ली माझ्याकडे होती, तसे लिहून घ्या. कुणी लिहिना. मी कागद ओढून स्वतः लिहिले आणि खाली सही केली. सुंदरराव म्हणाले, "बाई, तुमी लईच ताणता." बहुतेक ताणतेच.

सत्तावीसला वडवणीला गेले. सरूबाई घरी नव्हती, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथे गेले. ती हातोडी खाली न ठेवता म्हणाली, "पोरगी कशी हाय?"

मी म्हणाले, बरी आहे. मग सगळे सांगितले. उभ्यानेच, आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. खाली बसून हळू सांगावे असे आधी ठरवले होते, पण कागद तिला मी चारजणांसमोर वाचून दाखवला होता.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझ्या आईला अशीच सूज आलती. तवा दवाखान्यात मीठ बंद केलतं. म्हून म्या केलं."

"मग मला का नाही सांगितलेस?"

"तुमाला सांगायचं?" ती हसली. बाकीच्या बायकाही हसल्या. "बाई, म्या दिवाळीच्या आदी तुमाला म्हनलं होतं, पोरांच्या पायाला फोड आल्यात, चार तांबे पानी वाढवा. तुमी म्हनला, सरूबाई, तुझं काम चुलीपाशी."

मला आठवत नव्हते. मी तसे म्हणाले. ती म्हणाली, "तुमाला कसं आठवंल? मला आठवतंय."

बद्री, मी चौतीस वर्षे मुलांना ऐकण्याचे महत्त्व शिकवले. फळ्यावर लिहून शिकवले.

मी तिला परत ये म्हणाले. तिने दोन अटी घातल्या. हंगाम संपून माणसे परतली की ज्यांच्या कानावर गेले की सरूबाईच्या हातचं खाऊन पोरे सुजली, त्या प्रत्येकाला मी स्वतः सांगायचे, माझ्या तोंडाने. ते मी कबूल केले. मुकादमांमार्फत निरोप आत्ताच धाडले आहेत. आणि दुसरी अट अशी: "इन्चार्ज तुमीच ऱ्हावा. पर हौदाची किल्ली माझ्याकडं."

मी म्हणाले, विचार करून सांगते. ती म्हणाली, "करा की," आणि पुन्हा खडी फोडायला लागली. शेवटची गाडी साडेचारची होती. मी सव्वाचारला कमरेची किल्ली काढून दिली.

काल सकाळी ती आली. पहिले काम म्हणजे हौदाची गळती बुजवली. म्हणाली, पाणी इथनं जात होतं, पोरांच्या अंगावर पडलेल्या पाण्यानं हौद आटत न्हाई. घोळ मात्र उपटली नाही. दुपारी वरणात घातली. सुंदरराव त्याच वेळी 'सहज' म्हणून डोकावले होते. मी त्यांना पंगतीत बसवले आणि शेजारी बसून जेवले. त्यांनी वाटी रिकामी केली. मीठ बेताचे होते.

तू मला रागाने लिहिलेस ते पत्र मी ठेवले आहे. पुढच्या वेळी महिना लावू नकोस.

उन्हाळ्यात ये. पण येताना नगरला आंघोळ उरकून ये. इथे हल्ली सरूबाईला विचारल्याशिवाय तांब्याभर पाणी मिळत नाही. मलाही नाही.

तुझी
सत्यभामाअक्का